बिल्ल्यांचा ठराव

माझा थोरला भाऊ सोलापुरात कवायतीचा मास्तर होता. ज्या संस्थेच्या मुलांच्या शाळेत तो शिकवायचा, त्याच संस्थेच्या मुलींच्या वर्गांवर मी होते. ती संस्था पुढे बंद पडली, म्हणून तिचं नाव लिहीत नाही; लिहूनही आता कुणाला आठवायचं नाही. दोन इमारतींच्या मध्ये मोठं मैदान होतं. सकाळी गिरण्यांचे भोंगे होऊन गेले की तिथे दादाची शिट्टी वाजायची. खाकी कोट, पायांना पट्ट्या, डोक्याला फेटा. सोमवारच्या मोठ्या कवायतीला आणि वर्षाच्या संमेलनाला त्याच्या छातीवर तीन बिल्ले असत. एक चांदणीच्या आकाराचा, दोन वाटोळे. एकाची फीत सात रंगांची होती, तिला बारकी मुलं इंद्रधनुष्य म्हणत. रविवारी संध्याकाळी दादा ते बिल्ले घेऊन खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा आणि जुन्या फडक्याने पुसत राहायचा.

आम्ही मूळचे माढा तालुक्यातले. वडील कोरडवाहू शेती करायचे. दादाला मिसरूड फुटत होतं तेव्हा आठवड्याच्या बाजारात पलटणीचा भरतीवाला आला. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. तो मला नंतर सांगायचा, "समुद्र बगाया मिळंल म्हनला तो. मी म्हनलं, बगू की." त्याचं लग्न झालं होतं, वहिनी आमच्याकडे नांदत होती. तो गेला, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मोठी लढाई सुरू झाली. त्याची पलटण बसऱ्याला उतरली. पुढे ते सगळे एका गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडले, उपासमार झाली, आणि मग कैद. उन्हातून त्यांना पायी चालवत नेलं. आम्हाला एवढंच कळलं की तो आहे का नाही हे सरकारलाही ठाऊक नाही. वहिनी रोज मारुतीला पाणी घालायची. मानमोडीचा ताप गावात आला त्या पावसाळ्यानंतर ती दोन दिवसांत गेली. वडील त्याच्या पुढच्या महिन्यात गेले. दादा परत आला तेव्हा दारात मी आणि चुलती होतो. वहिनीचं काय झालं ते चुलती त्याला सांगेना. मी लहान होते, मीच सांगितलं.

गावात त्याला आणखी एक भोग भोगावा लागला. वेढ्यात धान्य संपल्यावर पलटणीला घोडं कापून खायला मिळायचं. पुष्कळांनी खाल्लं नाही, काही त्यातच मेले. दादाने खाल्लं होतं, आणि कुणीतरी विचारल्यावर त्याने सरळ हो म्हणून सांगितलं. पंगतीत त्याला पाच हात लांब बसवलं. गावजेवण घालीपर्यंत तो लांबच बसला. त्यानंतर त्याने मटण सोडलं ते कायमचं, आणि गावही सोडलं. शेत चुलत्याला कसायला दिलं, मला बरोबर घेतलं आणि सोलापूर गाठलं.

मला शिकवलं ते त्याने. मंगळवार पेठेतली एक खोली, शेजारी सगळी विणकरांची घरं, दिवसभर मागांचा खटखटाट आणि तेलुगू बोलणं. दादा सकाळी भाकरी थापायचा, मला शाळेत सोडायचा आणि मग कवायतीला जायचा. दुसरं लग्न त्याने केलं नाही. मला शिक्षिकेची परीक्षा देववली, आणि माझं लग्नही त्यानेच जमवलं. माझे यजमान एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. खादी घालायचे, वाचायचे पुष्कळ, बोलायचे मोजकं. आमच्या संस्थेचे ते सभासद होते, म्हणजे वर्षाच्या सभेत त्यांना मत होतं. दादाला ते 'मास्तर' म्हणत आणि दादा त्यांना 'दाजी'. रविवारी दुपारी दादा आमच्याकडे जेवायला यायचा. दोघांचं फार बोलणं होत नसे, पण जेवण झाल्यावर सुपारी कातरत ओसरीवर बसून राहायचे. मला ते बघून बरं वाटायचं.

मग तीस सालचं, मार्शल लॉचं ते वर्ष आलं. सोलापुरात त्या दिवसांत जे राहिले त्यांना वेगळं सांगायला नको. गोळीबार झाला, माणसं मेली, गाव सोडून कित्येक पळाले, आणि पुढे चौघांना फाशी झाली. आम्ही पळालो नाही. पेढी बंद होती. एक दिवस घरात पीठ संपलं म्हणून यजमान बाहेर पडले. चौकात एका गोऱ्या शिपायाने त्यांना थांबवलं, बंदुकीच्या टोकाने डोक्यावरची पांढरी गांधीटोपी उडवली आणि ती पायाने गटारात ढकलायला लावली. यांनी ढकलली. घरी आले ते उघड्या डोक्याने. मला म्हणाले, "पीठ मिळालं नाही." बाकीचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. आमच्या घरात त्या गोष्टीचा उच्चार पुन्हा झाला नाही, पण त्या दिवसापासून दादा रविवारी आला की यांची नजर त्याच्या खाकी कोटावर जाऊन परत फिरायची. दादाच्याही ते ध्यानात आलं असावं. तो आमच्याकडे येताना सदरा घालून यायला लागला.

तीनेक वर्षांनी संस्थेत निवडणूक झाली आणि नव्या दमाची माणसं आली. त्यांतला एक तरुण वकील नुकताच तुरुंगातून सुटलेला होता. बोलणं तडफदार, आणि मनाने काही वाईट नव्हता. त्याने वार्षिक सभेपुढे ठराव मांडायची नोटीस दिली, की परक्या सरकारने लढाईबद्दल दिलेले बिल्ले संस्थेच्या कोणत्याही सेवकाने संस्थेच्या आवारात लावू नयेत. 'कोणत्याही सेवकाने' असं लिहिलं होतं. बिल्लेवाला सेवक सगळ्या संस्थेत एकच होता.

सभेच्या आधीच्या रविवारी दादा जेवायला आला. मी शेंगाची चटणी वाढत होते. यजमानांनी त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग विषय काढला.

"मास्तर, ठरावाचं कानावर आलंच असेल."

"आलं."

"माझं ऐकाल तर तुम्हीच होऊन काढून ठेवा. सभेच्या आधी हेडमास्तरांना सांगा की मी इथून पुढे लावणार नाही. मग ठराव मांडायचं कारणच उरत नाही. तुमच्यावर चारचौघांत चर्चा नको."

दादाने हात धुतला, पंचाला पुसला. म्हणाला, "दाजी, हुकूम झाला तर मी काढीन. त्यात काय न्हाय. साऱ्या जन्मात हुकूम मोडला न्हाय मी. पर आपनहून काढायचं मंजी आजवर लावलं ते चुकीचं हुतं, असं मीच म्हनल्यावानी हुईल."

"चुकीचं होतं असं कोण म्हणतंय?"

"मग कशापायी काढू?"

यजमान जरा चढ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, त्याच सरकारच्या शिपायांनी ह्या गावात काय केलं ते तुम्ही पाहिलंय. मुलं दर सोमवारी ते बिल्ले बघतात. त्यांनी काय समजायचं?"

"मी केलं का त्ये?" दादा म्हणाला. त्याचा आवाज मुळीच चढला नव्हता. "मला ठावं हाय दाजी, तुमच्यासंगं काय झालं. मी तितं असतो तर…" आणि तो थांबला. तो तिथे असता तर त्याने काय केलं असतं, हे त्याला स्वतःलाच ठरवता आलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तो निघाला तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेले. मी विचारलं, "दादा, तुला ते एवढे का रे लागतात? राजासाठी थोडेच लावतोस तू?"

"राजा कुटं बगितला हाय मी?" तो म्हणाला. चार पावलं चालून पुन्हा म्हणाला, "आमच्या भागातली धा-बारा पोरं हुती माज्यासंगं. चालता चालता बसली की मागं ऱ्हायची. मी बसलो न्हाय. का बसलो न्हाय ते मलाबी कळत न्हाय बाय. ते लावलं की पाठ सरळ ऱ्हाती. न्हाईतर मी कोन, पोरांस्नी डावा-उजवा पाय सांगनारा." त्या चालण्याविषयी तो माझ्याशी एवढंच बोलला, आधीही नाही आणि नंतरही नाही.

सभा शाळेच्या दिवाणखान्यात भरली. शिक्षकांना मागच्या बाकांवर बसायची परवानगी होती, मत नव्हतं. आम्ही दोघी शिक्षिका कोपऱ्यात बसलो. दादा आला नाही. अध्यक्ष म्हणून एक म्हातारे डॉक्टर होते. जमाखर्च, इमारतीची दुरुस्ती, असं सगळं होता होता दोन तास गेले, आणि मग वकिलाचा ठराव आला.

वकील चांगलं बोलला. कवायतीच्या मास्तरांविषयी आपल्याला आदर आहे, हा प्रश्न व्यक्तीचा नाही, असं तो दोन वेळा म्हणाला. मग त्याने मार्शल लॉचं वर्णन केलं. दिवाणखान्यातल्या प्रत्येकाच्या घरात काही ना काही घडलं होतं. "ज्या हातांनी आपली टोपी उडवली, त्याच हातांनी दिलेला बिल्ला आपल्या मुलांपुढे मिरवायचा का?" असं तो म्हणाला, तेव्हा मी यजमानांच्या पाठीकडे पाहिलं. ते पुढच्या तिसऱ्या रांगेत होते. त्यांची मान खाली होती.

अक्कलकोटकडचे एक लिंगायत व्यापारी उठले. त्यांचं मराठी कानडी हेल काढून यायचं. "मास्तर कैदेत होता. भूक काढली, मरता मरता आला. बिल्ला त्याचा आहे, शाळेचा नाही. आपण कशाला त्यात हात घालायचा?" एवढंच बोलून ते बसले. अध्यक्षांनी हळूच सुचवलं, की सरकारी ग्रँट आहे, इन्स्पेक्टर विचारील. पण त्याने उलटंच झालं. ग्रँटीसाठी लाज विकायची का, असा मागून ओरडा झाला.

मग माझे यजमान उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "माझी एक उपसूचना आहे. सोमवारच्या कवायतीला नको, हे मला मान्य आहे. पण वर्षातून एकदा, संमेलनाच्या दिवशी, मास्तरांना मोकळीक असावी. माणसाने जे सोसलं…"

"मेव्हण्याची वकिली!" कुणीतरी मधेच ओरडलं.

सगळे हसले. खूप मोठ्याने नाही, पण हसले. यजमान थोडा वेळ तसेच उभे राहिले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात होतं हे मला मागून कळत होतं. ते न बोलता खाली बसले. उपसूचनेला कुणी अनुमोदन दिलं नाही, त्या व्यापाऱ्यांनीही नाही. त्यांना बिल्ल्यांवर कसलंच बंधन नको होतं. ती तिथेच पडली.

अध्यक्षांनी ठरावाला अनुकूल असतील त्यांना हात वर करायला सांगितलं. एकदम हातच हात वर झाले. मी एकच हात शोधत होते. तो जरा उशिराने वर गेला. कोपर बाकावरच टेकलेलं, आणि खादीची बाही मनगटावरून खाली घसरलेली. विरुद्ध कोण, असं विचारल्यावर तीन-चार हात वर आले. ठराव पास झाला आणि लगेच पुढचा विषय निघाला, विहिरीवर पंप बसवण्याचा.

घरी जाताना आम्ही टांगा केला नाही, चालत गेलो. दारापाशी आल्यावर ते म्हणाले, "मी आत्ता मास्तरांकडे जाऊन येतो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"मी पण येते," मी म्हणाले.

दादा खोलीच्या बाहेर बसून धोतराला ठिगळ लावत होता. आम्हाला पाहून उठला. यजमानांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "मास्तर, ठराव झाला." आणि पुढे, न थांबता, "मीही त्या बाजूनेच हात वर केला."

दादाने मान हलवली. "बरं केलं, सोताहून आला सांगाया," तो म्हणाला. "आता लेखी हुकूम यील न्हवं?"

"येईल. दोन दिवसांत."

"मग झालं तर."

त्याने आम्हाला चहा केला. आम्ही प्यालो. शेजारच्या घरात माग चालू होते. त्याला कागदच हवा होता, आणि तो आल्यावर त्याने पोच दिली. पुढच्या सोमवारी तो नुसत्या खाकी कोटात मैदानावर उभा राहिला. माझ्या वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसायचं. शिट्टी तशीच होती, हुकूमही तसेच. पण आवाज पूर्वी भिंतीवर आदळून परत यायचा, तो आता येत नव्हता. बारक्या मुलांनी विचारलं म्हणे, "मास्तर, इंद्रधनुष्य कुठं गेलं?" दादा म्हणाला, "पेटीत ठिवलंय." एवढंच. कुणावर रागावला नाही. पण संमेलनाच्या संचलनाची तयारी त्या वर्षी त्याने दुसऱ्या शिक्षकाकडे दिली आणि आपण मंडपाच्या मागे सतरंज्या घालायला उभा राहिला.

नोव्हेंबरात लढाई संपल्याचा दिवस यायचा. सदर बझारकडच्या मैदानात कलेक्टरसाहेब येत, बँड वाजे, दोन मिनिटं सगळे मुकाट उभे राहत, आणि जुन्या शिपायांना बिल्ले लावून हजर राहायचं बोलावणं असे. दादा दर वर्षी जायचा. त्या वर्षी मी त्याला म्हणाले, "ह्या वेळी नको जाऊस दादा. आजारी होतो म्हण."

"आजारी न्हाय मी," तो म्हणाला. "आन् ठरावात शाळेचं आवार म्हनलंय. गावाचं न्हाय."

त्या दिवशी दुपारी तो आमच्या दारात आला. कोटावर बिल्ले होते, पण फेटा हातात होता. मी पाणी दिलं. तो ओसरीवर बसला, पण फेटा काही खाली ठेवेना. यजमान पेढीवरून जेवायला आलेले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं मास्तर?"

मग त्याने सांगितलं. मैदानातून परत येताना वाटेत आमच्या शाळेच्या वरच्या वर्गातली मुलं उभी होती. वीस-पंचवीस असतील. त्यांनी त्याला ओळखलं, आणि सरकारच्या लाळघोट्यांसाठी तेव्हा जी आरोळी असायची ती एकाने दिली, "टोडी बच्चा!" बाकीचे ओरडले, "हाय हाय!" दादा चालत राहिला. मुलं मागोमाग निघाली. पार चौकापर्यंत ती त्याच्यामागे येत होती, दर पावलाला "टोडी बच्चा, हाय हाय". दुकानदार बाहेर येऊन बघत होते. कुणी शेण मारलं, ते फेट्यावर बसलं.

"मी मागं वळून बगितलं न्हाय," दादा म्हणाला. "पर आवाजावरनं कळत हुतं. पोरांचे पाय बराबर पडत हुते. एकाचाबी चुकत नव्हता."

यजमान ताडकन उठले. "कोण कोण होते? नावं सांगा. उद्याच्या उद्या हेडमास्तरांपुढे उभे करतो एकेकाला."

"नावं कशाला?"

"कशाला म्हणजे? गुरूवर शेण फेकतात?"

"दाजी, पोरांचं काय चुकलं?" दादा म्हणाला. "थोरल्यांनी हात वर केलं. पोरांनी त्येच आपल्या परीनं केलं."

तो हे टोचून बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण यजमान आत गेले आणि ताटावर बसलेच नाहीत. मी दादाचा फेटा धुतला. तो वाळेपर्यंत दादा थांबला आणि मग ओला-सुका तसाच गुंडाळून गेला.

आठ दिवसांत त्याने नोकरी सोडली. हेडमास्तरांनी त्याला बोलावून समजावलं, तो वकीलसुद्धा घरी जाऊन आला. मुलांकडून माफी मागवतो म्हणाला. दादाने दोघांना हात जोडले. माझ्याकडे निरोप घ्यायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि वळकटी होती. म्हणाला, बार्शीला सरकी काढायच्या कारखान्यात रखवालदाराची जागा आहे, तिथे ओळखीचा मुकादम आहे. मी रडले. तो म्हणाला, "बार्शी काय इलायतेत हाय व्हय? येत जाईन की." तो आला नाही.

पुढच्या भाऊबीजेला मीच बार्शीला गेले. कारखान्याच्या मागे पत्र्याच्या आडोशाला तो राहत होता. हवेत सगळीकडे कापसाचे तंतू, त्याच्या भुवयांवर, अंथरुणावर, पाण्याच्या घागरीवर. त्याला खोकला लागला होता. अंगात बंडी आणि धोतर, खाकीचं नाव नाही. मी ओवाळलं. त्याने मला लुगडं आणून ठेवलं होतं. मी म्हणाले, "दादा, परत चल. शाळा नको तर नको. आमच्याकडे राहा."

"दाजींस्नी जड जाईल," तो म्हणाला.

"ते काही म्हणणार नाहीत."

"म्हननार न्हाईत, म्हनून तर." मग विषय बदलून त्याने विचारलं, "पोरींची कवायत चालू हाय का?"

दादाच ती घ्यायचा; तो गेल्यापासून ती बंद होती. मी हो म्हणाले.

त्याच थंडीत बार्शीहून आडतीचा माणूस आमच्या पेढीवर निरोप घेऊन आला, की मास्तर छातीच्या तापाने पडला आहे. आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. कुर्डुवाडीला बदलून छोट्या गाडीने बार्शीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. कारखान्याच्या माणसांनी वाट बघता येईल तेवढी बघितली होती. शेजारी राहणाऱ्या एका मजूरबाईने त्याचं शेवटपर्यंत केलं होतं. ती म्हणाली, "लई शांत मानूस. कुनाची वाट बगतो असंबी कधी म्हनला न्हाय." पेटीत कपडे होते, वहिनीची एक काचेची बांगडी होती, आणि शाळेची शिट्टी होती. बिल्ले नव्हते. त्या बाईला विचारलं. तिने असलं काही त्याच्याजवळ पाहिलंच नव्हतं. त्याने ते विकले, विहिरीत टाकले की गावाकडे कुणाला देऊन आला, मला कळलं नाही.

परतीच्या छोट्या गाडीत आमच्या डब्यात दोघंतिघंच होते. ज्वारीची शेतं हळूहळू मागे जात होती. यजमान खिडकीशी बसले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी हात वर केला नसता, तरी ठराव झालाच असता."

"हो," मी म्हणाले.

"पुष्कळ मतं होती."

"हो. पुष्कळ होती."

ते खरंच होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर तोंड केलं. कुर्डुवाडीला उतरल्यावर सोलापूरच्या गाडीला अवकाश होता. त्यांनी फलाटावरून दोन कप चहा आणला. माझ्या हातात एक दिला आणि दुसरा स्वतःच्या हातात धरून उभे राहिले. गाडी आली तेव्हा तो थंडगार चहा त्यांनी रुळांवर ओतला आणि माझी पिशवी उचलली.